साडेसहाची सही

संध्याकाळचे साडेसहा वाजले की मामा कानामागचं पेन काढायचे, टोपण दातांत धरून उघडायचे आणि फाटकाच्या भिंतीवरल्या पत्र्याच्या पेटीपाशी जायचे. पेटीचं कुलूप काढून आतली वही उघडायची, भिंतीला टेकवून एक ओळ लिहायची, वही परत आत ठेवायची आणि कुलूप दोनदा ओढून बघायचं. मग माझ्या खिडकीकडे तोंड करून मोठ्यानं ओरडायचं, "एल्ला सरी हाय, अक्का!"

"एल्ला सरी" म्हणजे कन्नडात सगळं ठीक. शेवटचं "हाय" मात्र आपलं. आमच्या म्हैसूरच्या मराठी घरांत भाषा अशीच असते, कन्नडाची फोडणी घातल्याशिवाय वाक्य चुलीवरून उतरत नाही. माझं माहेर म्हैसुरातल्याच नजरबादेतलं, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटायचं नाही. पुण्याहून आलेली माझी जाऊ मात्र हे ऐकून पदर तोंडाला लावायची.

मी तेव्हा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि मुलींच्या एका वसतिगृहाची वॉर्डन होते. ते आमच्या फाटकावरचे राखणदार. वॉर्डन म्हणून पहिल्याच दिवशी ऑफिसचं कुलूप उघडेना, तेव्हा मी वैतागून पुटपुटले, "काय मेलं हे कुलूप!" मागून आवाज आला, "किल्ली उलटी हाय, अक्का." तिथून आमची ओळख. मी त्यांना मामा म्हणायची. मुली ताता म्हणायच्या, म्हणजे आजोबा. ते मुलींना नावानं कधीच हाक मारायचे नाहीत. "दोन वेण्या," "निळी सायकल," "खोकलेवाली," अशी त्यांची हजेरी असायची.

असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. गुडघा दुखरा, कणा ताठ, आणि अंगात कुठल्यातरी जुन्या नोकरीचा कोट. त्यांचा कोट होमगार्डातला. पितळी बटणं दर रविवारी चिंचेनं घासायचे. पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात बारगीर होते, हे नव्या मुलीला पहिल्या आठवड्यातच कळायचं. घोडा गेला, तलवार गेली, शिस्त तेवढी वाट्याला आली, असं स्वतःच म्हणून हसायचे. मुलींच्या सायकलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवायचे. त्यामुळे हवी ती सायकल कुणालाच लवकर सापडायची नाही.

दसरा आला की त्यांची एक गोष्ट ठरलेली. बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत होते, ती बघायला अख्खं गाव लोटतं. यांनी तिथं बारा वर्षं बंदोबस्त केला. "पन मशाल एकबी बघितली न्हाई, अक्का. बंदोबस्ताचा मानूस पाठ मशालीकडं करतो, तोंड लोकांकडं. मग लोक 'हा हा' करायचे, मी त्यांची तोंडं बघून वळखायचो का आता काय तरी झकास चाललंय." एकदा मी विचारलं, बारा वर्षांत चोरून एकदाही मान वळवली नाही? तर दुखावलेच. "अय्यो, मग बंदोबस्त कसला तो!"

आता त्या पेटीबद्दल सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

ग्रंथालयातून वसतिगृहाकडे येणारा रस्ता तळ्याच्या कडेनं यायचा, आणि आमच्या फाटकाच्या चाळीस-पन्नास पावलं अलीकडे त्याला एक मोड होता, वळण म्हणा. एका बाजूला बांबूचं बेट, दुसऱ्या बाजूला पडकं कुंपण. त्या मोडावर मोटारसायकलवाले थांबायचे. कुणाची साखळी ओढली, कुणाची पर्स नेली, कुणाच्या ओढणीला हात घातला. मुली तक्रार करायला ठाण्यावर गेल्या की त्यांनाच विचारायचे, एवढ्या संध्याकाळी बाहेर काय काम होतं? ग्रंथालयात होतो म्हटलं तर पुढचा प्रश्न, रोज? शेवटी मुली चिडल्या. मे महिन्याच्या उन्हात चार दिवस रजिस्ट्रारच्या ऑफिससमोर बसून राहिल्या. मामा त्यांना फाटकावरून पाण्याच्या घागरी पाठवत होते आणि मी बघून न बघितल्यासारखं करत होते.

चार दिवसांच्या उन्हाचं फळ ऑगस्ट लागता लागता मिळालं, एक दिवा आणि एक पेटी. दिवा महिन्याभरात गेला. पेटी राहिली. रोज संध्याकाळी साडेसहाला गस्तीच्या पोलिसानं यायचं, अर्धा तास मोडावर उभं राहायचं आणि पेटीतल्या वहीत तारीख, वेळ, शेरा लिहून सही करायची, असं ठरलं. एक किल्ली पोलिसाकडे, एक आमच्याकडे. महिन्याअखेरीस वॉर्डननं खाली सही करायची. मुलींनी त्या दिवशी पेटीला हळदकुंकू लावलं होतं. मला हसू आलं होतं आणि भरूनही आलं होतं.

पोलीस पंधरा दिवस आला. तरुण मुलगा, मंड्याकडचा, नवी नोकरी. मग उशिरा यायला लागला, मग यायचाच बंद झाला. पण वही मात्र भरत होती. माझ्या खिडकीतून मोड स्वच्छ दिसायचा. पोलीस कधीच दिसायचा नाही आणि "एल्ला सरी हाय" मात्र रोज ऐकू यायचं. एके दिवशी मी खाली उतरून विचारलं, "मामा, काय चाललंय हे?"

"त्या पोराला सहा पेट्या दिल्यात, अक्का," ते म्हणाले. "साही पेट्या साडेसहाच्या. एक इथं, एक देवळापाशी, एक ब्यांकेपाशी. त्याला काय सहा तोंडं हायत? आयतवारी दुपारी येतो अन् पुढल्या आठवड्याच्या सह्या करून जातो. तारीख, येळ मी लिवतो. शेराबी मीच."

"आणि हे तुम्हाला चालतं?"

"पान कोरं राहिलं तर पैलं त्याची नोकरी जाईल. मग वरचे म्हननार, पेटीचा उपेग न्हाई, काढा. पोरींनी उन्हात बसून मिळवलेली पेटी हाय. पान भरलेलं असलं तर पेटी ऱ्हाती. पेटी ऱ्हायली तर आज ना उद्या पोलीस येईल. सुम्ने कशाला कुनाचं वाईट?"

सुम्ने म्हणजे उगाच. मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला सोयीचं वाटलं. मी वॉर्डन होते, मला वर पत्र लिहिता आलं असतं. पण परीक्षा तोंडावर होत्या, मेसचा आचारी सोडून गेला होता, आणि मामांचं अक्षर इतकं सुरेख होतं की वही बघून कुणालाही वाटावं, या रस्त्यावर रामराज्य आहे. महिन्याअखेरीस मी हसत हसत सही केली. अशा पाच सह्या केल्या.

जानेवारीतला गुरुवार होता. मामांची ओळ लिहून झाली, कुलूप दोनदा ओढून झालं, माझ्या खिडकीकडे बघून त्यांचं नेहमीचं वाक्यही झालं. दहा मिनिटं गेली नसतील, मोडावरून किंकाळी आली. मी जिना उतरून फाटकाशी येईपर्यंत मामा काठी घेऊन पुढे धावत होते. त्या गुडघ्यानं माणूस असा धावू शकतो हे मी तोवर पाहिलं नव्हतं. मी पोचले तेव्हा मोटारसायकलचा आवाज तळ्याच्या पलीकडे गेला होता आणि शैला रस्त्यावर बसली होती. "निळी सायकल" ती हीच. हासनकडची, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची, माझीच विद्यार्थिनी. उजवा हात कोपरातून भलताच वळला होता, चष्मा नव्हता, ओढणी नव्हती. दोघं होते, एकानं हात धरून बेटाकडे ओढलं, ती त्याला चावली, त्यानं ढकललं, असं ती एका दमात सांगत होती. मामांनी ते डोळ्यांनी बघितलं होतं, एवढंच नाही, मागे बसलेल्याच्या पाठीत त्यांनी काठीही हाणली होती. दुसरं कुणीच बघितलं नव्हतं.

तिला दवाखान्यात पोचवून आलो, तर मामा वही छातीशी धरून माझ्या ऑफिसात आले. उभेच राहिले. वही टेबलावर उघडून आजच्या ओळीवर बोट ठेवलं. गुरुवार, साडेसहा ते सात, पोलीस हजर, शेरा: एल्ला सरी. पुढे त्या पोराची रविवारीच केलेली सही.

"अक्का, मी हे काय करून ठेवलं?" ते म्हणाले.

मी काय म्हणाले ते लिहायला मला लाज वाटते. मी म्हणाले, "मामा, ते पान फाडून टाका."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. नापास झालेल्या पोराकडे बापानं बघावं तसं. "पान फाडलं तर दोन खोटी हुतील, अक्का. उद्या ठान्यात जाऊन खरं काय ते सांगतो. पोरीचा कागद झाला पायजे."

पोरीचा कागद म्हणजे तिची रीतसर नोंदवलेली तक्रार. पुढे जे काही झालं ते त्या एका कागदासाठी.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ठाण्यात गेलो. बोलणं सगळं कन्नडात झालं, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. इन्स्पेक्टर अगदी सभ्य होते. बसा म्हणाले, चहा मागवला. मग त्या पोलिसाला बोलावलं. पोरगा जमिनीकडे बघत म्हणाला, "मी मोडावर होतो, सर. असं काही घडलं नाही. सायकलवरून पडली असेल."

इन्स्पेक्टरांनी वही मागून घेतली आणि मामांपुढे सरकवली. "अक्षर कुणाचं?"

"माझं."

"साडेसहा ते सात आमचा माणूस हजर होता, असं तुम्हीच लिहिलंय."

"ते खोटं आहे. मीच खोटं लिहिलं. तो आला नव्हता. पाच महिन्यांत पहिले पंधरा दिवस सोडले तर कधीच आला नाही."

"म्हणजे पाच महिने तुम्ही पोलिसांच्या वहीत रोज खोटं लिहीत होता?"

"होय. रोज."

"आणि आज खरं बोलताय, असं मी कशावरून धरू?"

 मामांचा हात उगाच कानामागे गेला, पेन चाचपून खाली आला. इन्स्पेक्टरांनी पानं उलटत महिन्याअखेरीची ओळ काढली आणि वही माझ्याकडे वळवली. "मॅडम, या पाच सह्या तुमच्या. हे म्हातारबाबा म्हणतात वही खोटी आहे. तुम्हाला ठाऊक होतं?"

मला ठाऊक होतं. हो एवढंच म्हणायचं होतं. मी हो म्हटलं असतं तर मामांचा शब्द एकट्याचा राहिला नसता, आणि मामांचा शब्द उभा राहिला असता तर शैलाचा. तुम्ही म्हणाल त्यात काय कठीण होतं. मलाही तेव्हापासून रोज तेच वाटतं. पण त्या क्षणी मला आठवलं ते माझं प्रमोशन, रजिस्ट्रारचं तोंड आणि वॉर्डन म्हणून मिळालेलं घर. मी म्हणाले, "महिन्याअखेरीस बरेच कागद येतात. वही बरोबर असेल असं धरून मी सही करते."

"बरोबर," इन्स्पेक्टर म्हणाले, "मग वही बरोबरच होती." आणि त्यांनी ती मिटली.

मामा माझ्याकडे वळूनसुद्धा बघेनात. परत येताना बसमध्ये मी त्यांना दोनदा हाक मारली. दोन्ही वेळा ते नुसतं "बिडी, अक्का, बिडी" म्हणाले. म्हणजे सोडा, जाऊ द्या.

सायकलवरून पडून दुखापत, असा शेरा मारून ठाण्यानं प्रकरण मिटवलं. मुली पुन्हा रजिस्ट्रारसमोर बसल्या, या वेळी तीनच दिवस, कारण परीक्षा होत्या. त्यांना काय मिळालं असेल सांगा. दुसरी पेटी! ग्रंथालयाच्या बाजूला. शिवाय एक परिपत्रक, की मुलींनी सहाच्या आत वसतिगृहात यावं. ग्रंथालय आठपर्यंत उघडं होतं, मुलांसाठी.

मामा दवाखान्यात शैलाला भेटायला गेले आणि तिला सगळं सांगून आले. मी दाराशी होते. ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "ताता, तुम्ही कशाला हो लिहिलंत?"  आठवडाभरानं तिचे वडील तिला न्यायला आले. शाळामास्तर होते, भला माणूस. नाव खराब होण्यापेक्षा शिक्षण गेलेलं बरं, म्हणाले. निघताना शैला मला म्हणाली, "मॅडम, मी खोटं नव्हते बोलले."

"मला माहीत आहे गं."

"मग तिथं का नाही बोललात?"

मी तिच्या पिशवीचा बंद नीट करत राहिले. तिचे वडील रिक्षाला हाक मारायला गेले होते, ते परत आले, आणि ती गेली. तिची एम.एस्सी. पुरी झाली नाही. पुढे मी तिला तीन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही.

वहीत खोट्या नोंदी केल्याबद्दल मामांना कामावरून काढलं. ते पत्र माझ्यामार्फत गेलं. मी ते त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, किल्ल्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि म्हणाले, "मोठ्या किल्लीला तेल लागतं, नव्या मानसाला सांगा." मला दोष देतील, निदान एक शब्द बोलतील, असं वाटत होतं. बोलले असते तर बरं झालं असतं.

नव्या राखणदारानं वहीचं काम जसंच्या तसं पुढे चालवलं. अक्षर तेवढं वाईट होतं.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी खिडकीतून बघते तर मोडावर कुणीतरी उभं. तोच कोट, पण बटणं काढून ठेवलेली, बहुतेक आता आपला अधिकार नाही म्हणून. मंडी मोहल्ल्यातल्या घरून बसनं यायचे, दोन बस बदलून. साडेसहा ते साडेसात उभे राहायचे. पाठ वसतिगृहाकडे, तोंड रस्त्याकडे. सहाचं परिपत्रक कुणी फारसं पाळत नव्हतं; मुली जायच्या तेव्हा "सावकाश, दोन वेण्या" एवढंच म्हणायचे. वाटेल ते म्हणा, त्या दिवसांत त्या मोडावर एकही मोटारसायकल थांबली नाही.

मी एकदा धीर करून गेले. "मामा, तुम्हाला काढलंय ना? कशाला हा त्रास?"

"फाटकावरनं काढलंय, अक्का. रस्त्यावरनं कोन काढनार?" मग माझ्याकडे न बघता, "पोरीचा कागद झाला का?"

"नाही, मामा."

"मग हुबं ऱ्हातो," ते म्हणाले.

मार्चच्या मध्यावर एक दिवस नेमक्या साडेसहाला पोलिसांची जीप आली. मी खिडकीतच होते. त्या पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस साडेसहाला आलेले मी पहिल्यांदाच बघत होते. दोघे उतरले, त्यातला एक तोच मंड्याचा पोरगा. दुसरा मामांशी मोठ्यानं बोलू लागला. मुलींच्या वसतिगृहापाशी रोज उभा राहणारा म्हातारा कोण, अशी कुणीतरी खबर दिली होती. मामांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, फाटकाकडे हात केला, मग माझ्या खिडकीकडे. मी जिन्यापर्यंत गेले. अर्धा जिना उतरले. खाली पोचायच्या आत त्यांनी मामांना दंडाला धरून जीपमध्ये बसवलं होतं. बसस्टँडवर सोडून दिलं, मारलं वगैरे नाही, असं नंतर कळलं.

ते परत आले नाहीत. चार दिवसांनी मी मंडी मोहल्ल्यात गेले. सून म्हणाली, ताप आहे, जेवत नाहीत. ते खाटेवर पडून होते, तोंड दाराकडे. मी म्हटलं, "मामा, कसं आहे?" मला वाटलं आता तरी म्हणतील, "एल्ला सरी हाय, अक्का." सवयीनं तरी. ते काहीच म्हणाले नाहीत. मी त्यांचा हात धरून रडले. चुकलं माझं, मी बोलायला हवं होतं, असं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. हात काढून घेतला नाही, आणि दाबलाही नाही. त्याच आठवड्यात ते गेले.

एकतीस तारखेला नवा राखणदार वही घेऊन आला. मी पहिल्यांदाच ती ओळ न ओळ वाचली. साडेसहा ते सात, हजर, एल्ला सरी. साडेसहा ते सात, हजर, एल्ला सरी. ते गेले त्या तारखेलाही तेच. फक्त मधली एक ओळ वेगळ्या अक्षरात होती. मंड्याच्या पोरानं स्वतः येऊन, स्वतःच्या हातानं लिहिलेली: मुलींच्या वसतिगृहाजवळ रोज रेंगाळणाऱ्या एका संशयित म्हाताऱ्याला समज देऊन हटवले.

पहिले पंधरा दिवस सोडले तर वहीच्या सगळ्या पानांत पोलीस खरोखर हजर असल्याची तेवढी एक ओळ होती. राखणदार पेन पुढे करून उभा होता. मी घेतलं आणि खाली सही केली.